सव्वा तासाचा हिशेब

नववी-दहावीची वार्षिक सहल यंदा मुंबईस नेण्याचा विचार आहे. नेहरू विज्ञान केंद्र आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मुलांनी पाहावे, ही त्यामागील इच्छा. काही पालकांनी सुचविले की मुलांना विमानानेच न्यावे. इंदूरहून मुंबई सव्वा तासाची तर आहे! सूचना प्रेमापोटी आहे. तिचा आदर राखून आम्ही आमचे मत मांडीत आहोत.

प्रथम अंतर पाहू. नकाशावर इंदूर ते मुंबई सरळ रेषा ओढली, तर ती साधारण 505 किलोमीटर भरते. हे झाले हवाई अंतर. अवंतिका एक्सप्रेस उज्जैन, रतलाम, वडोदरा, सुरत असा वळसा घेऊन जाते, म्हणून तिला सुमारे 830 किलोमीटर धावावे लागते. इंदूर-मनमाड या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गास केंद्र सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली आहे. तो पूर्ण झाला की हा वळसा टळेल.

आता वेळ. जेट विमान उंचीवर पोहोचल्यावर ताशी सुमारे 800 किलोमीटर वेगाने उडते. त्या हिशेबाने 505 किलोमीटरला अडतीस मिनिटे पुरेत. मग वेळापत्रकात सव्वा तास का? कारण धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे आणि उतरणे हे सारे कमी वेगाने होते. शिवाय मुंबईत सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते आणि विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

सव्वा तासही पूर्ण हिशेब नव्हे. घरून विमानतळ पाऊण तास, उड्डाणाच्या दोन तास आधी हजेरी, उतरल्यावर सामान आणि मुंबईची रहदारी मिळून दीड तास. एकूण साडेपाच तास, तेही भर दिवसाचे. रेल्वेला बारा-तेरा तास लागतात खरे, पण ते रात्रीचे. मुले संध्याकाळी निघतात, डबे उघडतात, भेंड्या खेळतात, झोपतात आणि सकाळी मुंबईत असतात. दिवसाचा एक तासही मोडत नाही.

तरीही आमच्या मताचे मुख्य कारण वेळ नाही. आमच्या शाळेत दुकानदाराचे मूल येते, डॉक्टरांचे येते, तसेच शिवणकाम करून संसार चालविणाऱ्या आईचेही येते. विमानाचे तिकीट दिवसागणिक बदलते. रेल्वेचे शयनयान बहुतेकांना परवडते. सहल महाग झाली की काही मुले "घरी लग्न आहे", "बरे नाही" असे सांगून नाव देत नाहीत. खरे कारण वर्गातल्या सर्वांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी हे फार लागते. ज्या सहलीला निम्मा वर्ग मागे राहील, ती शाळेची सहल कशी म्हणावी?

विमानप्रवासास आमचा विरोध नाही. ज्या कुटुंबांना शक्य आहे त्यांनी मुलांना अवश्य न्यावे. शाळेने मात्र सर्वांना घेऊन जाणारी वाट धरावी. विश्वस्त मंडळाने सहल रेल्वेनेच न्यावी, ही आमची विनंती.

आणि विद्यार्थ्यांनो, निघण्यापूर्वी एक काम करा. ॲटलास उघडून दोन्ही वाटा आखा. नर्मदा आणि तापी दोन्ही वाटांवर येतात. कोणती वाट त्यांना समुद्राजवळ ओलांडते, ते शोधून वहीत लिहा.