एका वाक्यात पुरलेली कारकीर्द

एखाद्या माणसाची तीस वर्षे एका वाक्यात पुरून टाकायची आणि वर त्या वाक्याचा उत्तरार्धही कापून टाकायचा, याला वाचन म्हणत नाहीत. बीबीसीचे हवामान-निवेदक मायकल फिश यांच्या बाबतीत हेच झाले. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी या प्रकरणाकडे दूरचित्रवाणीवरची एक गंमत म्हणून पाहू नये, असे आमचे म्हणणे आहे.

फिश 1962 साली ब्रिटनच्या हवामान खात्यात रुजू झाले, 1974 पासून पडद्यावर दिसू लागले आणि 2004 मध्ये निवृत्त झाले. ते नट नव्हते. नकाशा वाचणारे खात्याचे माणूस होते. लोहचुंबकी चिन्हे हाताने फळ्यावर चिकटवण्यापासून 1985 नंतरच्या संगणकीय नकाशांपर्यंतचा सारा पल्ला त्यांनी प्रेक्षकांसमोर उभे राहून गाठला. यातले कोणाला काही आठवत नाही. आठवते ते 15 ऑक्टोबर 1987 चे दुपारचे निवेदन: 'हरिकेन' येत असल्याचे एका बाईंच्या कानावर आले आहे, पण काळजी नसावी, तसे काही नाही. त्याच रात्री दक्षिण इंग्लंडवर वादळ आदळले. इंग्लंडात 18 माणसे दगावली, सुमारे दीड कोटी झाडे पडली.

आता उत्तरार्ध. फिश यांनी लगेच पुढे सांगितले होते की वारा मात्र बराच जोराचा राहील, परंतु त्याचा मुख्य रोख स्पेन-फ्रान्सकडे असेल. म्हणजे वाऱ्याची सूचना होती. जागा चुकली होती. हे वादळ उष्णकटिबंधातले नव्हते, म्हणून शास्त्रीय अर्थाने ते 'हरिकेन' नव्हतेच, हा तांत्रिक बचाव आम्ही पुढे करीत नाही. घर कोसळलेल्या माणसाला व्याख्या सांगू नये. चूक गंभीर होती. प्रश्न इतकाच, की ती कोणाची? समुद्रावरची निरीक्षणे अपुरी होती, गणिती प्रारूपाला वादळाची चाल नेमकी पकडता आली नाही. चौकशीनंतर निरीक्षणे वाढवण्याची शिफारस झाली, तीव्र हवामानाच्या इशाऱ्यांची नवी व्यवस्था उभी राहिली. संस्थेने चूक संस्थेची म्हणून वाचली; लोकांनी ती एका चेहऱ्याची म्हणून वाचली. त्या रात्रीचा अंदाज तर बिल जाइल्स यांनी सांगितला होता. दंतकथेत त्यांना जागा नाही.

माणसे मेली तेथे वाक्यांचा कीस काय काढता, असा आक्षेप येईल. आम्ही म्हणतो, माणसे मेली म्हणूनच काढायचा. हसायला एक चेहरा सापडला की कारणे शोधण्याची गरज उरत नाही. 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात तीच चित्रफीत दाखवली गेली. 2017 मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे मुख्य अर्थतज्ज्ञ अँडी हाल्डेन यांनी 2008 चे संकट न दिसलेल्या अर्थशास्त्राचे वर्णन करताना याच नावाचा आधार घेतला. एका विद्याशाखेचे अपयश सांगायलाही नाव लागले ते एका निवेदकाचे!

मराठी समीक्षेने यावर हसू नये. तिच्या घरातही हाच व्यवहार राजरोस चालतो. केशवसुत म्हणजे 'तुतारी', बालकवी म्हणजे निसर्ग, मर्ढेकर म्हणजे उंदीर. कादंबऱ्या लिहिणारे, सौंदर्यशास्त्राची मांडणी करणारे, आकाशवाणीत नोकरी केलेले मर्ढेकर दहा गुणांच्या प्रश्नात मावत नाहीत, म्हणून ते गाळले जातात. पुढे विद्यार्थी शिक्षक होतो आणि गाळलेलेच शिकवतो. अवतरण देणे ही कृती निरुपद्रवी नसते; वाक्य कोठे तोडायचे हे ठरवणारा त्या माणसाचे चरित्रही ठरवीत असतो.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. वर्गात कोणत्याही लेखकाचे एखादे प्रसिद्ध वाक्य फळ्यावर लिहिले गेले, की त्याच्या पुढचे वाक्य कोणते, हे विद्यार्थ्याने विचारावे. आणि ते ठाऊक नसेल तर शिक्षकाने पुस्तक उघडावे.