हक्काचा दिवा आणि भाडेकरूचा अंधार

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बेळगावच्या श्रमजीवी कुटुंबाच्या उंबरठ्यावर तीन मागण्या एकाच वेळी येऊन उभ्या राहतात : घरमालकाचे भाडे, विजेचे बिल आणि गॅसची टाकी. वडगाव-खासबागेत मागावर राबणारा विणकर असो, उद्यमबागेतील भट्टीपुढे घाम गाळणारा कामगार असो की चार घरची धुणीभांडी करून संसार ओढणारी माउली असो, मिळकतीचा मोठा हिस्सा या तिहींत जातो. उरलेल्यात मुलांच्या वह्या, वृद्धांची औषधे आणि शनिवारचा बाजार बसवावा लागतो. अशा कुटुंबांसाठी सरकारदरबारी आज काही साह्य ठेवलेले आहे, ही गोष्ट खरी. ज्याला त्याची सर्वांत अधिक निकड त्याच्यापर्यंत ते पोचत नाही, हीही तितकीच खरी. आणि या न पोचण्याचा सारा दोष सरकारच्या माथी मारता येणार नाही, हे आज आम्हांस आमच्याच वाचकांशी थोडे कडू बोलून सांगावयाचे आहे.

'कर्नाटक सरकारची योजना आपण कशाला घ्यावयाची?' असा प्रश्न आमच्या काही स्वाभिमानी बांधवांच्या तोंडून ऐकू येतो. १ नोव्हेंबर १९५६ पासून या भागाने जे सोसले ते विसरून आम्ही हे लिहीत नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात लावलेल्या दाव्याचा निकाल लागावयाचा तेव्हा लागेल. तोवर आमच्या घरचे बिल हुबळीच्या वीज कंपनीचेच येणार आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सीमाभागातील ८६५ गावांसाठी आरोग्य योजना जाहीर केली, त्याचे आम्हांस समाधान आहे. पण मुंबईहून कोणी आमचे विजेचे बिल भरणार नाही. साबणापासून काडेपेटीपर्यंत ज्या ज्या वस्तूवर आपण कर देतो, त्या करातूनच हे साह्य उभे राहिले आहे. ते घेणे म्हणजे कोणाच्या दारी झोळी पसरणे खचित नव्हे. हक्क सोडल्याने स्वाभिमान वाढत नाही, फक्त बिल वाढते.

आता या साह्याचे स्वरूप पाहू. 'गृहज्योती' योजनेखाली जुलै २०२३ च्या वापरापासून घरगुती ग्राहकास महिना २०० युनिटांपर्यंत वीज मोफत, असे सर्वत्र बोलले जाते. ते अर्धसत्य आहे. सरसकट २०० युनिटे कोणासही मिळत नाहीत. एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या वर्षात त्या मीटरवर जी मासिक सरासरी पडली, तीवर दहा टक्के चढवून येणारा आकडा हा त्या घराचा हक्क. सरासरी १५० युनिटांची असेल तर १६५ युनिटे फुकट, ६० ची असेल तर ६६. त्याहून अधिक पण २०० च्या आत वापर झाला तर केवळ फरकाचे पैसे भरावे लागतात. २०० ओलांडले की मात्र संपूर्ण बिल अंगावर येते. म्हणजे ज्याच्या घरी शीतकपाट होते त्याला भरपूर, आणि ज्याने एका दिव्यावर व एका पंख्यावर दिवस काढले त्याला तुटपुंजे! काटकसरीला असा दंड लावणारे गणित कोणा विद्वानाला सुचले असेल ते असो. जानेवारी २०२४ मध्ये सरकारला थोडी उपरती झाली आणि ४८ युनिटांहून कमी सरासरी असणाऱ्यांस दहा टक्क्यांऐवजी सरळ दहा युनिटे वाढवून देण्याचे ठरले. तीस युनिटांच्या घराला तेहतीसऐवजी चाळीस मिळाली, हे ठीकच झाले.

परंतु हे सारे ज्याच्याकडे मीटर आहे त्याचे. ज्याच्याकडे केवळ भाड्याची खोली आहे त्याचे काय?

नियम भाडेकरूला वगळत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. त्या घरात तो राहतो याचा पुरावा म्हणून भाडेकरार किंवा त्या पत्त्याचे मतदार ओळखपत्र धरले जाते. घर नवे असेल, मागील वापराची नोंदच नसेल, तर राज्याची सरासरी ५३ युनिटे धरून ५८ युनिटे मिळतात. पूर्वीचे भाड्याचे घर सोडले असेल तर जुन्या मीटरशी जोडलेला आधार क्रमांक सोडवून नव्या मीटरशी जोडण्याची सोयही २०२४ साली झाली आहे. कागदावर वाट मोकळी आहे. अडते ती वाड्याच्या दिंडीदरवाजाशी. घरमालक भाडेकरार लिहून देत नाही. करार दिला तर भाडेकरू उद्या हलणार नाही, भाड्याची मिळकत कागदावर येईल, ही त्याची भीती. मीटरचा आर. आर. क्रमांक मागितला तरी तो संशयाने पाहतो. आणि हा घरमालक बहुतेक वेळा परका नसतो. आपल्याच बोलीचा, आपल्याच मोर्चात घोषणा देणारा गृहस्थ असतो.

त्यास आमचे एवढेच सांगणे आहे की, एका आधार क्रमांकावर एकाच मीटरचा लाभ मिळतो. भाडेकरूच्या खोलीचा मीटर वेगळा असेल तर तुमचा लाभ तुमच्या मीटरवर घ्या आणि त्याचा त्याला घेऊ द्या. तुमच्या पदरचे दमडीएवढेही जात नाही. जेथे एका मीटरवर तीन बिऱ्हाडे आहेत तेथे गोष्ट याहून गंभीर आहे. तीन चुली मिळून २१० युनिटे जळाली की लाभ साफ बुडाला. प्रत्येक बिऱ्हाडाचा वापर अवघा सत्तर युनिटे असूनही! वेगळा मीटर मागणे हा तेथे एकच उपाय, आणि त्यासाठी मालकाची संमती हवी. बिल शून्य आले असता भाड्यासोबत 'लाईटचे' पैसे पूर्वीप्रमाणे घेत राहणे याला आम्ही काय म्हणावे? त्यासाठी मराठीत शब्द आहे, पण तो या पानावर छापण्यासारखा नाही.

गॅसबद्दल थोडक्यात. उज्ज्वला योजनेची जोडणी असलेल्या स्त्रीचे अनुदान ऑक्टोबर २०२३ मध्ये टाकीमागे ३०० रुपये झाले. ते थेट बँकेत जमा होते. येत नसेल तर खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, हे प्रथम पाहावे.

छपराची कथा अधिक किचकट. केंद्राच्या शहरी आवास योजनेचे दुसरे पर्व २०२४ साली सुरू झाले. देशात कोठेही पक्के घर नसलेले आणि वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेले कुटुंब दुर्बल गटात बसते. ६ लाखांपर्यंतचे अल्प उत्पन्न गटात. स्वतःच्या जागेवर बांधण्यास साह्य, कर्जाच्या व्याजात सवलत, इतकेच नव्हे तर भाड्याच्या घरांची तरतूदही तीत आहे. पण शहापुरातील जुन्या घरात सहाव्या हिश्श्याचा धनी असलेला विणकर यात कोठे बसतो? उतारा अजून आजोबांच्या नावे, वारसा लागलेला नाही, वाटणी झालेली नाही, एक चुलता पुण्यास, दुसरा कोल्हापुरास. भिंत कोसळते आहे, आणि जागा आपली असल्याचा कागद नाही. भावकीने एक दिवस एकत्र बसून वारसा लावला तर जे काम होईल ते कोणत्याही मंत्र्याच्या हातून होणार नाही.

आता सरकारकडे वळू. योजनेचे अर्ज कन्नड व इंग्रजीत आहेत. ज्या बाईला तिसऱ्या इयत्तेपुरते मराठी वाचता येते तिने ते भरावेत कसे? घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीस आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ सालीच, भाषिक अल्पसंख्य जेथे १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध करावेत, असे केंद्र सरकारच्या निवेदनात म्हटले गेले. मराठीतील माहितीपत्रकाने कन्नडचे काहीही उणे होत नाही. सवलत माणसाला द्यावयाची असेल तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगणे हा साधा व्यवहार आहे.

तो दिवस उजाडेपर्यंत हातावर हात ठेवून बसावे काय? 'कर्नाटक वन' केंद्रांत अर्ज घेतले जातात, विजेच्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. कन्नड जाणणारी मराठी मुले तर आता घरोघरी आहेत. गणपतीच्या दिवसांत गल्लीभर रोषणाई करणाऱ्या आमच्या मंडळांनी वाचनालयाच्या ओट्यावर रविवारी दोन तास एक मेज मांडावे. अर्ज भरावयास बसणाऱ्याने एक वही ठेवावी : मीटरचा क्रमांक, अर्जाची तारीख, आणि नाकारला गेला तर कारण. पन्नास अर्ज एकाच कारणाने अडले असे त्या वहीत दिसले तर ती आमच्या कचेरीत आणून दाखवावी. आम्ही ती कारणे छापू. अर्जदारांची नावे छापणार नाही.