खोडदची शांतता आणि रेल्वेचा मार्ग

पुणे-नाशिक रेल्वेच्या नारायणगावकडील मार्गाआड खोडदची रेडिओ-दुर्बीण येते, हे कारण केंद्र सरकारने २०२५ साली पुढे केले. त्यावरून जुन्नर-आंबेगावात उसळलेला रोष आम्हांस अनाठायी वाटत नाही. वर्षानुवर्षे रेल्वेची वाट पाहावयाची, आणि ती दाराशी येते न येते तोच ताऱ्यांसाठी तिला माघारी फिरवावयाची, हे कोणा शेतकऱ्यास रुचेल?

तथापि, दुर्बिणीभोवती आडोसा उभारला म्हणजे झाले, असे कोणी समजत असेल तर ती समजूत चुकीची आहे. विजेच्या गाडीवरील तार आणि तिला घासणारा दांडा ह्यांच्यामध्ये ठिणग्या उडतात; आणि ठिणगी म्हणजे रेडिओलहरी फेकणारे एक लहानसे केंद्रच. धातूच्या बंद खोलीत बाहेरची वीज शिरत नाही, हे फॅरडेने १८३६ मध्येच दाखविले; असला गोंगाटही तशाच खोलीत कोंडता येतो. वेधशाळा आपली स्वतःची यंत्रे अशीच कोंडून ठेवतात. परंतु खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. त्यांस कोणत्या खोलीत कोंडावयाचे? आम्ही काही वर्षे शाळामास्तरकी केली आहे. शेवटच्या बाकावरील मुलाचा पुटपुटता शब्द ऐकावयाचा, तर वर्गालाच गप्प बसवावे लागते. स्वतःच्या कानांत बोळे घालून भागत नाही. आणि येथील पुटपुटणे तरी किती क्षीण! ते मोजण्याचे 'जान्स्की' हे एकक दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला, एका वॉटचा एकावर सव्वीस शून्ये इतकावा भाग एवढे आहे.

डोंगरांनी वेढलेली ही शांत जागा गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी पारखून घेतली, आणि २००१ मध्ये दुर्बीण राष्ट्रास अर्पण झाली. ती काही रातोरात उगवलेली नव्हे. मग रेल्वेची रेघ नकाशावर ओढली त्याच दिवशी ह्या प्रश्नाचा निकाल का लागला नाही? लोकांना आशा लावून मग शास्त्रज्ञांकडे बोट दाखविणे, हे आम्हांस सोयीस्कर राजकारण वाटते.

मार्ग किती किलोमीटर दूर न्यावा, काही भाग बोगद्यातून नेता येईल काय, हे घोषणांनी नव्हे, मोजमापांनी ठरावे. ती मोजमापे सरकारने मराठीत छापून जुन्नरच्या बाजारात लावावीत, आणि गाडी तेथून जाणारच नसेल तर त्या तालुक्यांस बदल्यात काय मिळणार, हेही त्याच कागदावर लिहावे.