नाण्यावरचा क्रूस आणि आपली वंशावळ

आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांतून व महोत्सवी भाषणांतून एक विधान अधूनमधून डोके वर काढते. भारतात रोमन नाणी सापडतात, काहींवर क्रूस असतो. तेव्हा रोमन व्यापाऱ्यांबरोबरच ख्रिस्ती श्रद्धा येथे रुजली! या विधानाला माझा स्पष्ट विरोध आहे.

क्रूसाची खूण असलेली रोमन तांब्याची नाणी मुख्यतः तमिळनाडूत व श्रीलंकेत मिळतात. पण नाणे हातोहात फिरते; ते खर्चणाऱ्याचा धर्म सांगत नाही. रहिमतपूरच्या वाचकांनी गाडीत बसून कोल्हापूर गाठावे. तेथील टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० नंतरच्या दशकात सापडलेली, पोसायडन या समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती आहे. तीही रोमन व्यापारातूनच आलेली. म्हणून पंचगंगेकाठी पोसायडनचे भक्त नांदत होते असे कोणी म्हणत नाही. मग क्रूसाला निराळा न्याय कशासाठी?

आणि खुद्द रोममध्ये तरी ही चिन्हे श्रद्धेची साक्ष होती काय? कॉन्स्टंटाइनने ३१२ साली ख्रिस्ताच्या चिन्हाखाली लढाई जिंकली, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतो. त्यानंतरही काही वर्षे त्याच्या कांस्य नाण्यांवर सूर्यदेव झळकत राहिला. भोवती अक्षरे होती 'अजिंक्य सूर्य, सोबती' या अर्थाची. ३२७ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलच्या टांकसाळीत सर्पाला भेदणारा ध्वज उमटला आणि त्यावर ख्रिस्तनामाची ग्रीक आद्याक्षरे आली. परंतु ३३७ मध्ये सम्राट मरण पावल्यावर निघालेली नाणी पाहा: तो रथातून वर चालला आहे, आकाशातून एक हात त्याला घ्यायला आला आहे, आणि नावामागे उपाधी मात्र मूर्तिपूजक सम्राटांना मरणोत्तर मिळे तीच, 'दिव्य'.

ख्रिस्तनामाची ती खूण आल्फा व ओमेगा या अक्षरांसह अख्खे नाणे व्यापेल एवढी मोठी कोणी कोरली? मॅग्नेन्शियसने. ३५० साली त्याने बंड करून गादी बळकावली. त्या बंडात सम्राट कॉन्स्टन्स मारला गेला. ३५३ मध्ये पराभूत झाल्यावर मॅग्नेन्शियसने आत्मघात केला. डळमळत्या सिंहासनाला त्याला टेकू हवा होता, तो त्याने प्रभूच्या नावाचा दिला. अशा नाण्याचे छायाचित्र आपण मुखपृष्ठावर छापणार?

येशूने कराचे नाणे मागवून घेतले, त्यावर मुखवटा कोणाचा ते विचारले, आणि ते ज्याचे त्याला देऊन टाकायला सांगितले. आपण मात्र कैसराचे नाणे परत मागून घेऊन छातीवर मिरवतो आहोत.

यातला धोका साधा नाही. मराठी ख्रिस्ती माणसाला परका ठरवू पाहणाऱ्यांना याहून सोयीचा कबुलीजबाब कोणता मिळेल? रोमन व्यापारी आपले पूर्वज नव्हेत. त्याच ब्रह्मपुरीने शिशाची नाणीही दिली आहेत. एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला कमानींची टेकडी आणि झाड. 'कुर' नामान्त राजांची ती नाणी ज्यांच्या मुठीत होती, ती येथली माणसे आपली. स्मरणिकेत छायाचित्र छापायचेच असेल, तर त्यांतले एखादे छापा.