घर विकायचंय, पण भाडेकरू हलेना! ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या मालकाच्या हातात नेमकं काय आहे?

गिऱ्हाईक मिळालं, भाव ठरला, टोकनही घेतलं. गिऱ्हाइकाच्या बँकेचा माणूस घर बघायला आला, तर भाडेकरूने दारच उघडलं नाही. करार दोन महिन्यांपूर्वी संपलाय आणि तो म्हणतो, "मला दुसरं घर मिळत नाही, काय करायचं ते करा."

काही वर्षांपूर्वी कल्याणमधल्या एका ज्येष्ठ जोडप्याची बातमी तुमच्याही फीडमध्ये आली असेल. भाडेकरू घर सोडत नाही म्हणून ते स्वतःच्याच फ्लॅटबाहेर जिन्यात बसून होते. मुलीने ट्विटरवर लिहिलं तेव्हा ते सगळ्यांना कळलं. जुलै २०२२ मध्ये ग्रेटर नोएडातूनही जवळपास तशीच बातमी आली. दोन्ही वेळा लोकांचा प्रश्न एकच होता, पोलीस काय करतात?

पोलीस बहुतेक वेळा सांगतात की हा दिवाणी मामला आहे. ऐकायला राग येतो, पण ते चूक नाही. एकदा रीतसर आत राहायला आलेल्या माणसाला बाहेर काढण्याचा आदेश पोलीस स्टेशन देऊ शकत नाही, सोसायटीची कमिटीही नाही.

"मला विकायचंय" हे कारण चालतं का?

इथे आधी एक फरक समजून घ्यायला हवा. आपण सगळ्यांनाच 'भाडेकरू' म्हणतो, पण कायद्याच्या नजरेत ते दोन प्रकारचे असतात.

पहिला खरा भाडेकरू. जुन्या ठाण्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या चाळीत पागडीवर वर्षानुवर्षं राहणारं कुटुंब यात येतं. त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं संरक्षण आहे. घर कोणत्या कारणांनी रिकामं करून मागता येतं, ते याच कायद्याच्या कलम १६ मध्ये दिलंय. मालकाला स्वतःला राहण्यासाठी खरी गरज असणं, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, घराचं नुकसान करणं अशी ती कारणं आहेत. विक्री त्यात नाही. मालक बदलला तरी भाडेकरू तिथेच राहतो आणि भाडं नव्या मालकाला देतो.

दुसरा लायसन्सी, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा. घोडबंदर रोडच्या टॉवरपासून डोंबिवली पूर्वेच्या वन बीएचकेपर्यंत आज बहुतेक घरं अशीच दिली जातात. (मी स्वतः अशाच घरात राहते, त्यामुळे हे लिहिताना माझा करार पुन्हा काढून वाचला.) याला घर वापरायची फक्त परवानगी असते, तीही मुदतीपुरती. मुदत संपली की मालकाला कारण सांगावंच लागत नाही. घर विकायचंय की स्वतः राहायचंय, हा प्रश्नच येत नाही.

मग अडतं कुठे?

बहुतेक वेळा कागदावर. 'अकरा महिन्यांचा करार असेल तर रजिस्टर करायची गरज नाही' हे तुम्ही एखाद्या एजंटकडून नक्की ऐकलं असेल. महाराष्ट्रात ते साफ चूक आहे. कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. ही जबाबदारी मालकाची आहे आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महागात पडते ती पुढची ओळ. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं आणि ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. आमच्यात अमुक वर्षं राहायचं ठरलं होतं, असं त्याने सांगितलं की बसा शोधत पुरावे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं व्याज यांच्या ०.२५ टक्के, वर महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. एवढे वाचवायला पन्नास-साठ लाखांचं घर अडकवणारे लोक आहेत!

करार नीट असेल तर कलम २४ वापरता येतं. राहण्यासाठी दिलेल्या घराचा लायसन्स संपला आणि समोरचा निघाला नाही, तर मालक नेहमीच्या दिवाणी दाव्याऐवजी थेट 'सक्षम प्राधिकाऱ्या'कडे अर्ज करू शकतो. ठाणे जिल्हा यासाठी कोकण विभागात येतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याला विरोध करायची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य धरून आदेश होतो. लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. शिवाय मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळते. महिना १५ हजार ठरले असतील, तर ३० हजार. दुकानाच्या गाळ्याला मात्र हा मार्ग नाही.

आदेशाविरुद्ध अपील नाही, पण ९० दिवसांत फेरतपासणीचा अर्ज करता येतो. त्यामुळे कागदावर सरळ दिसणारं हे प्रकरणही लांबू शकतं, आणि तेवढे दिवस टोकन दिलेलं गिऱ्हाईक थांबेलच असं नाही.

भाडेकरूसकट विकलं तर?

विकता येतं, कायद्याची मनाई नाही. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याचं कलम ५९ तर म्हणतं की लायसन्स देणाऱ्याने मालमत्ता दुसऱ्याला दिली, तर नवा मालक त्या लायसन्सला बांधील नसतो.

पण एक मेख आहे आणि ती फारसं कुणी सांगत नाही. कलम २४ मध्ये 'मालक' या शब्दात मूळ मालकाच्या मृत्यूनंतर मालक होणाऱ्या वारसाचा स्पष्ट समावेश आहे. विकत घेणाऱ्याचा तसा उल्लेख नाही. म्हणजे खरेदीदार त्या झटपट मार्गाने गेला, की 'हा अर्ज करायचा तुम्हाला अधिकारच नाही' असा आक्षेप समोरून येऊ शकतो. म्हणून माझ्या मते क्रम महत्त्वाचा आहे. आधी मूळ मालकाने स्वतःच्या नावाने अर्ज करून ताबा घ्यावा, मग विक्री. घाई असेलच, तर विक्री करारात घरात कोण राहतंय ते स्पष्ट लिहावं आणि 'अमुक तारखेला रिकामा ताबा देतो' असं अंगठा ठोकून मोकळं होऊ नये. ती तारीख चुकली की गिऱ्हाईकही तुमच्याविरुद्ध उभं राहतं.

राग आला म्हणून महावितरणला सांगून मीटर काढणं, पाणी तोडणं, भाडेकरू गावाला गेला की कुलूप बदलणं, हे तर नकोच. आवश्यक सेवा तोडायला कलम २९ ची मनाई आहे. जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हा मुद्दा गैरलागू असतो.

आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं 'बारा वर्षं राहिला की घर त्याचं' हेही विसरा. मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याला नुसती वर्षं मोजून मालकी मिळत नाही. करार संपल्यावरही गुपचूप भाडं घेत राहणं मात्र खरंच धोक्याचं आहे, कारण मग नवा व्यवहार ठरला होता असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

आणि भाडेकरूचं काय?

प्रत्येक अडून बसलेला माणूस घर लाटायलाच बसलेला नसतो. मुलांची शाळा मधेच असते, नव्या घराचं डिपॉझिट भरायला जुनं परत मिळालेलं नसतं. कराराची मुदत चालू असेल तर मालकाला विकायचंय एवढ्यावर लगेच बॅगा भरायची गरज नाही. करारातला नोटिशीचा कालावधी आणि लॉक-इन आधी वाचा. अनेक प्रकरणं शेवटी अशीच मिटतात, की एक-दोन महिन्यांचं भाडं माफ, डिपॉझिट किल्लीच्या बदल्यात त्याच दिवशी परत आणि दोघांच्या सह्यांचा कागद. मुदतीच्या मध्येच घर विकलं जात असेल, तर डिपॉझिट जुना मालक देणार की नवा, हे तिघांनी मिळून लेखी ठरवा. व्यवहार झाल्यावर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.