एक पालक नकोसा, एक हवासा



आज आधी माझी चूक सांगतो, मग गोष्ट.

आमची सोसायटी बोरीवली पश्चिमेला, वझिऱ्याच्या गणपतीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर. गेल्या जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, आमच्या वरच्या मजल्यावर दोन मुलं राहायला आली. बहीण आठ वर्षांची आणि भाऊ चार वर्षांचा. पाहुणी म्हणून नव्हे, कायमची. वरच्या काका-काकूंनी त्यांना ओडिशातल्या एका संस्थेतून दत्तक घेतलं होतं. बिल्डिंगभर पेढे वाटून झाले. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये त्या दोघांची न् माझी गाठ पडली. मी आपला मोठ्या प्रेमानं, आधी मराठीत आणि मग मोडक्या हिंदीत विचारता झालो, "काय गं, नवे आई-बाबा आवडले का? मराठी बोलायला शिकलीस का?"

तिनं भावाचा हात घट्ट धरला आणि मान खाली घातली. आमची लिफ्ट इतकी सावकाश चालते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्याच संध्याकाळी खाली क्रिकेट खेळणाऱ्या चमूतल्या एकानं मला विचारलं, "काका, तिचे खरे आई-बाबा कुठे असतात?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. मीच सकाळी तसलाच प्रश्न विचारून बसलो होतो ना!

पुढे महिनाभरानं त्या मुलांची आई आमच्याकडे आली. डोळे भरलेले. चादरी बदलताना मुलीच्या उशीच्या अभ्र्यात तिला रुमालात गुंडाळलेल्या दोन वाळक्या पोळ्या सापडल्या होत्या. "ताटात वाढू ते ती मुकाट्यानं संपवते. हवं म्हणत नाही, नको म्हणत नाही. आणि वर पोळ्या लपवते. आम्ही काय उपाशी ठेवतो का हो तिला?"

तेव्हा मला दुसरी काही मुलं आठवली. तीही अशीच उशीखाली पाव लपवायची. त्यांची गोष्ट मी त्या आईला सांगितली, गणपतीत बिल्डिंगच्या पोरांना सांगितली, आणि आज तुम्हांला सांगतो. (वरच्या आईची परवानगी घेतली आहे. मुलीलाही विचारलं. तिनं दोन अटी घातल्या. पहिली, नावं छापायची नाहीत. दुसरी शेवटी सांगतो.)

बोरीवलीहून चर्चगेटकडे जाणारी लोकल वांद्र्याला थांबते, तेव्हा तुमच्यापैकी कितीजणांना पोलंड देश आठवतो? हसू नका. १९४२ च्या उन्हाळ्यात याच वांद्र्यात दीडशेहून अधिक पोलिश मुलं उतरली होती. सोनेरी केस, निळे डोळे आणि नुसती हाडं न् कातडं.

ती इथे कशी पोहोचली ते नकाशा घेऊन बघा. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरचं सैन्य चालून आलं आणि सतराव्या दिवशी पूर्वेकडून रशियाचं. पूर्व पोलंडमधल्या लाखो माणसांना रशियानं १९४० आणि १९४१ मध्ये मालगाड्यांत कोंबून सैबेरियाला, कझाकस्तानला नेलं. तिथे बर्फात झाडं तोडायची आणि त्याच्या बदल्यात पावाचा तुकडा मिळायचा. त्या तुकड्यातला अर्धा उद्यासाठी ठेवायची सवय मुलांना तिथेच लागली. मग १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा रशियानं या पोलिश कैद्यांना सोडलं. माणसं दक्षिणेकडे, उबेच्या दिशेनं निघाली. वाटेत भूक आणि टायफस. कुणाची आई गेली, कुणाचे वडील. कित्येक ठिकाणी दहा-बारा वर्षांची बहीणच धाकट्यांची आई होऊन बसली.

अशी अनाथ मुलं अश्गाबात या गावी गोळा केली गेली. मुंबईत तेव्हा पोलंडची वकिलात होती. इथून मदतीचं सामान भरून ट्रक निघाले, इराणमधल्या मशहदवरून अश्गाबातला गेले, आणि परतताना रिकामे न येता मुलं घेऊन आले. डोंगर, वाळवंट, धूळ. क्वेट्टाहून पुढचा प्रवास रेल्वेचा. त्यांच्याबरोबर हांका ओर्दोनुवना नावाची पोलंडची मोठी प्रसिद्ध गायिका होती. तीही सैबेरियासारखेच हाल सोसून आलेली. पुढे तिनं टोपणनावानं या भटक्या मुलांवर एक पुस्तक लिहिलं.

वांद्र्याला मुलांना थोडी विश्रांती मिळाली, अंगावर जरा मांस चढलं. पण पुढे काय? युद्ध पेटलेलं, आपला देश ब्रिटिशांच्या ताब्यात, इथल्याच माणसांचे खायचे वांधे. परकी पोरं सांभाळणार कोण?

'मी सांभाळतो' असं म्हणणारा माणूस निघाला तो नवानगरचा, म्हणजे आजच्या जामनगरचा राजा, जामसाहेब दिग्विजयसिंहजी. क्रिकेटवाल्या मंडळींनो, ज्यांच्या नावानं रणजी करंडक खेळला जातो त्या रणजींचे हे पुतणे. आपल्या उन्हाळी राजवाड्याजवळ, बालाचडी नावाच्या समुद्रकाठच्या जागी, त्यांनी मुलांसाठी वसाहत उभारली. जुलै १९४२ मध्ये वांद्र्याची मुलं तिकडे गेली. मागाहून आणखी शेकडो येत राहिली.

ती पोहोचली तेव्हा जामसाहेबांनी त्यांना सांगितलं की तुम्ही आता अनाथ नाही. नवानगरची सगळी प्रजा मला बापू म्हणते, तुम्हीही नवानगरचेच, तेव्हा मी तुमचाही बापू. एवढ्याशा बोलण्यात बघा, 'आवडलो का मी?' असला एकही प्रश्न नव्हता. नातं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि मोकळे झाले. लिफ्टमध्ये मला हे सुचलं असतं तर!

आणि बापू झाल्यावर त्यांनी मुलांना गुजराती बनवायचा घाट घातला नाही. वसाहतीवर पोलंडचा झेंडा फडकायचा. शिकवायला पोलिश शिक्षक, प्रार्थना पोलिश, गाणी पोलिश, नाटकं पोलिश. वसाहतीचा कारभार फादर फ्रान्सिशेक प्लूता नावाच्या पोलिश धर्मगुरूंकडे. जामसाहेब नाटकं बघायला यायचे, एक अक्षर कळत नसलं तरी पुढे बसून टाळ्या वाजवायचे. त्यांची स्वतःची मुलं या मुलांबरोबर खेळायची.

पण मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत आवडता भाग आहे तो भाजीचा.

वसाहतीच्या स्वयंपाकघरात पालक व्हायचा. पौष्टिक ना! अशक्त मुलांना लोह हवं, म्हणून पालक. मुलांना तो हिरवा लगदा बघूनच मळमळायचं. (तुमच्यातल्या निम्म्याजणांनी आत्ता मान डोलावली, मला दिसलं.) शेवटी पोरांनी गुपचूप ठरवलं, कुणीही पालकाला हात लावायचा नाही. चक्क संप! पानात पालक तसाच राहिला.

विचार करा, ही कोण मुलं होती? एका पावाच्या तुकड्यासाठी बर्फातून चालत गेलेली. दोन वर्षांपूर्वी कुणी त्यांच्यापुढे पालक ठेवला असता तर ताटली चाटूनपुसून साफ केली असती. मोठ्यांपैकी कुणी म्हणू शकलं असतं, 'काय ही कृतघ्न कार्टी! राजा फुकट खायला घालतोय आणि यांचे नखरे!'

बापूंच्या कानावर गेलं. त्यांनी आचाऱ्याला सांगितलं की यापुढे पालक करायचा नाही. विषय संपला.

मला वाटतं, ते मनातून खूश झाले असणार. उपाशी पोर 'नको' म्हणत नाही. आपण पाहुणे आहोत, कधीही बाहेर काढतील असं ज्याला वाटतं तोही म्हणत नाही. जिथे 'नको' म्हटल्यावरही उद्या जेवायला मिळणार अशी खात्री असते, तिथेच माणूस नाक मुरडतो. तुम्ही घरी रोज मुरडता, कारण तुम्हांला ती खात्री जन्मापासून आहे. त्या मुलांनी एक पालक टाकला, कारण दुसरा पालक त्यांना पक्का मिळाला होता.

किती पक्का, ते युद्ध संपल्यावर दिसलं. १९४५ नंतर पोलंडमध्ये रशियाच्या मर्जीतलं सरकार आलं आणि अनाथ मुलं आमच्याकडे परत पाठवा अशी मागणी सुरू झाली. ज्या रशियानं घर मोडलं, त्याच्याच छायेत परत जायचं? मुलं घाबरली. तेव्हा जामसाहेब, फादर प्लूता आणि एक ब्रिटिश अधिकारी अशा तिघांनी मिळून या अनाथ मुलांना नवानगरमध्ये कायदेशीर दत्तक घेतलं. बापू हा शब्द आता नुसता बोलण्यात राहिला नाही, कागदावर आला. कायदेशीर पालक असताना मुलांना त्यांच्या मनाविरुद्ध कोण नेणार?

बालाचडीची वसाहत १९४६ मध्ये बंद झाली आणि उरलेली मुलं आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळ वळीवड्याला आली. तिथे १९४३ पासूनच सुमारे पाच हजार पोलिश माणसांचं अख्खं गाव वसलं होतं. बहुतेक बायका आणि मुलं. कौलारू बराकी, शाळा, चर्च, स्काउटची पथकं. १९४८ पर्यंत ती माणसं ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशी जगभर पांगली, आणि रिकाम्या बराकींत फाळणीत घरदार गमावलेले सिंधी निर्वासित आले. कापडासाठी प्रसिद्ध असलेलं कोल्हापूरचं गांधीनगर ते हेच. एकाच छपराखाली आधी पोलंडची पोरं, मग सिंधची.

वॉर्सा शहरात आज 'भल्या महाराजांचा चौक' आहे आणि जामसाहेबांच्या नावाची शाळाही आहे. २०१९ मध्ये वळीवड्याची काही 'मुलं' परत आपलं गाव बघायला कोल्हापुरात आली होती. केस पिकलेले, हातात काठ्या.

आता बिल्डिंगमधल्या त्या क्रिकेटवीराच्या प्रश्नाचं उत्तर. अरे, 'खरे' आणि 'खोटे' असे आई-बाबांचे दोन प्रकार नसतात. ज्यांनी जन्म दिला ते जन्मदाते. त्यांच्याविषयी बोलायचं की नाही, कधी आणि कुणाशी, ते ती ठरवेल. आणि ज्यांच्या घरी ती राहते ते तिचे आई-बाबा. कायदाही असंच मानतो. दत्तक दिल्याचा हुकूम झाला की पोटच्या मुलाचे सगळे हक्क त्या मुलाला मिळतात. पूर्वी हा हुकूम कोर्ट द्यायचं, २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. सगळी प्रक्रिया 'कारा' या सरकारी संस्थेच्या देखरेखीखाली चालते. मुलाचं वय पाचाच्या पुढे असेल तर त्याचीही संमती घ्यावी लागते. म्हणजे त्या आठ वर्षांच्या मुलीला 'जाशील का?' असं विचारलं गेलं होतं आणि ती 'हो' म्हणाली होती. आपल्यापैकी कितीजणांना आपले आई-बाबा निवडायला मिळाले?

भावंडांची ताटातूट होऊ नये असाही प्रयत्न असतो. पण एकदम दोघांना, तिघांना घेणारी घरं आपल्याकडे कमी. म्हणून भावंडांच्या कित्येक जोड्या इटली, अमेरिका अशा दूरच्या देशांत जातात. तिकडे पहिल्या रात्री अनोळखी भाषा, अनोळखी पाव, आणि ओळखीचं म्हणजे फक्त एकमेकांचा हात. आमच्याकडची ताई लिफ्टमध्ये भावाचा हात का सोडत नव्हती, ते आता लक्षात येतं.

वरच्या आईनं गोष्ट ऐकल्यावर पोळ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. तिनं फक्त मुलांच्या खोलीत एक डबा ठेवला. त्यात रोज पोळी आणि गुळाचा खडा. डबा तुमचा, कधीही उघडा. शिवाय एका ओडिया ओळखीच्या बाईंकडून पखाळ शिकून आली, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात. बाबांना तो अजिबात आवडत नाही, पण रविवारी मुकाट्यानं खातात. पहिले काही आठवडे डबा रात्रीतून रिकामा व्हायचा. मग अर्धा. दिवाळीच्या सुमारास सकाळी तो भरलेलाच सापडायला लागला.

आणि डिसेंबरातली गोष्ट. रात्री नऊला दारावरची बेल वाजली. वरची आई उभी, हातात झाकलेलं पातेलं, चेहरा असा की लॉटरीच लागली असावी. "अहो, तिनं आज ताट सरकवलं! म्हणाली, 'आई, मला दुधी नको. मला दुधी मुळीच आवडत नाही. परत कधी करू नकोस.' धाकट्यानंही लगेच ताट सरकवलं!"

उरलेली दुधीची भाजी अर्थातच आमच्याकडे आली. मलाही दुधी आवडत नाही, पण त्या रात्री मी दोनदा वाढून घेतली.

हो, मुलीची दुसरी अट राहिली. 'दुधी वाईट असतो' हे लेखात नक्की लिहायचं. लिहिलं.