खिशातली तेलकट चिंधी

उजव्या मांडीवर, बरोबर पँटच्या खिशाखाली, काळसर टोकांच्या बारीक पुळ्यांचा तळहाताएवढा चट्टा होता. डावी मांडी स्वच्छ. रुग्ण तेवीस वर्षांचा, चांदवडजवळ महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये काम करणारा. मेडिकलमधून आणलेले गजकर्णाचे मलम दोन महिने लावून झाले होते. ‘‘या खिशात काय ठेवतोस रे?’’ असे विचारल्यावर त्याने जी चिंधी काढून टेबलावर ठेवली, ती पाहून पुढचे काही विचारायची गरज उरली नाही. जुन्या बनियनची, इंजिन ऑईलने काळी आणि ओली झालेली चिंधी. दिवसभर हात पुसायचे आणि परत खिशात.

तेलामुळे केसांची मुळे बुजून येणारा हा त्वचारोग आहे. मांड्या आणि हाताचा कोपरापर्यंतचा भाग ही त्याची नेहमीची जागा. चिंधी खिशातून गेली, कपडे रोज बदलले की तो बहुतेक वेळा बरा होतो. मला काळजी वाटते ती या पुळ्यांची नाही. तीच चिंधी त्याच खिशात पुढची पंचवीस वर्षे राहिली तर काय, याची आहे.

त्याच्या गॅरेजमध्ये हल्ली ट्रकबरोबर हौशी तरुणांच्या गाड्याही येतात. जुनी झेन, एस्टीम, पॅलिओ, एखादी टर्बोवाली ऑक्टाव्हिया. कुणी एक्झॉस्ट बदललेला, कुणी इंजिनाचे सेटिंग बदलून ताकद वाढवलेली. नाशिक हा रॅलीचा जिल्हा, त्यामुळे या वेडाचे मला नवल वाटत नाही. त्यातले कायद्यात काय बसते ते आरटीओ पाहील. मला बोलायचे आहे ते या गाड्यांच्या ऑईलबद्दल.

अशा गाडीचे ऑईल लवकर बदलावे लागते, आणि त्यामागे कारण आहे. वीस वर्षे चाललेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात. ताकद वाढवण्यासाठी पेट्रोल जास्त सोडलेले असते, ते सगळे जळत नाही. अर्धवट जळलेले वायू आणि थोडे पेट्रोलही रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरते आणि ऑईलमध्ये मिसळते. ऑईल पातळ होते, लवकर काळे पडते. टर्बो असेल तर त्याच्या बेअरिंगलाही हेच ऑईल जाते, तेही भयंकर उष्णतेत. म्हणून पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर लिहिलेले असले तरी जाणकार मालक पाच हजारांतच ऑईल बदलून घेतो. इंजिनासाठी हे योग्यच. पण मेकॅनिकच्या हातावरून दुप्पट वेळा ऑईल वाहते, आणि तेही जास्त वाईट ऑईल.

कारण डब्यातून ओतलेले सोनेरी ऑईल आणि खालून निघालेले काळे ऑईल हे आरोग्याच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत. इंधन अर्धवट जळताना पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची रसायने तयार होतात. नव्या ऑईलमध्ये ती जवळजवळ नसतात, वापरासोबत साठत जातात आणि पेट्रोल इंजिनात डिझेलपेक्षा जास्त साठतात. पेट्रोल इंजिनातले वापरलेले ऑईल उंदरांच्या कातडीवर वारंवार लावल्यावर गाठी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. ऑईलच्या कित्येक डब्यांवर बारीक अक्षरात तसा इशाराही असतो. तो वाचणारा मेकॅनिक मला अजून भेटायचा आहे.

माणसांचा पुरावा याहून जुना आहे. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये दाखवून दिले की लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण तिथे साचणारी काजळी आहे. पुढे १९२२ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी हाच कर्करोग सूतगिरण्यांतल्या कामगारांमध्ये नोंदवला. यंत्राच्या चात्यांना घातलेले खनिज तेल उडून त्यांच्या पँटी पुढून कायम भिजलेल्या असायच्या. शुद्ध न केलेली किंवा अर्धवट शुद्ध केलेली खनिज तेले माणसात कर्करोग घडवतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे आज स्पष्ट मत आहे. या रोगाला दिसायला वीस-तीस वर्षे लागतात. तोवर गॅरेज बदललेले असते, कधी धंदाही. मग चिंधीची आठवण कोण ठेवणार?

घाबरवण्याचा हेतू नाही. वर्षातून दोनदा हौसेने स्वतः ऑईल बदलणाऱ्याचे हात एकदा काळे झाले म्हणून काही होत नाही. धोका आहे तो रोज, वर्षानुवर्षे माखणाऱ्या हातांना.

उपाय अगदी साधे आहेत. नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. आमच्या दवाखान्यातले पांढरे रबरी मोजे ऑईलमध्ये फुगतात आणि फाटतात, ते कामाचे नाहीत. चिंधी खुंटीला अडकवावी, खिशात कधीच नको. हात पेट्रोलने किंवा रॉकेलने धुण्याची सवय सर्वांत घातक, कारण त्याने कातडीतला नैसर्गिक स्निग्धपणा निघून जातो, भेगा पडतात आणि ऑईलला आत जायला वाट मिळते. आधी खोबरेल चोळून काळेपणा सोडवावा, मग साबण. जेवणाआधी हात धुणे सगळे करतात; लघवीला जाण्याआधी धुवायचे असतात, हे कुणी सांगत नाही. पॉटच्या धुराडेवाल्यांची गोष्ट त्यासाठीच सांगितली. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. हातावर किंवा जांघेत एखादी जखम, चामखिळीसारखी गाठ महिनाभरात बरी झाली नाही तर दाखवायला यावे, लाजू नये. आणि चौदा वर्षांखालचा पोरगा गॅरेजमध्ये नकोच. तो तर कायद्यानेही गुन्हा आहे.

एक गोष्ट घरी व्हिडिओ पाहून ऑईल बदलणाऱ्यांसाठी. इंजिन गरम असताना ऑईल नीट उतरते हे खरे, पण नुकत्याच पळवलेल्या गाडीचे ऑईल शंभर अंशांच्या आसपास असते. नट सुटताच ते मनगटावरून कोपरापर्यंत येते. पंधरा-वीस मिनिटे थांबावे. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, खाली लोखंडी स्टँड हवेतच. जॅक घसरला तर आम्हा डॉक्टरांच्या हातात फारसे काही उरत नाही.

आता उरते ते काळे ऑईल. एका गाडीतून तीन-चार लिटर निघते. आपल्याकडे ते वाया जात नाही, आणि तीच अडचण आहे. वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना लावतात, सेंट्रिंगच्या प्लेटांना फासतात, धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडतात, जनावराच्या खरजेवरही चोळतात. जनावर अंग चाटते, ते पोटात जाते. २००० पर्यंत आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल होते, तेव्हा या ऑईलमधून शिसेही जाई. शिसे गेले, बाकीचे राहिले. उरलेले गॅरेजमागच्या नाल्यात. एका गाडीच्या ऑईलने दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी नासू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या तालुक्याने हा आकडा दोनदा वाचावा.

वापरलेले ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. २०२३ च्या दुरुस्तीने ते गोळा करून पुन्हा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आली, १ एप्रिल २०२४ पासून ती लागूही झाली. तालुक्याच्या गावात मात्र याची खूण म्हणजे अजून भंगारवाल्याचा पिंप. नगरपरिषदेने महामार्गाच्या बाजूला एक झाकणाचा, कुलूपबंद टाकीचा ओटा बांधावा, गॅरेजवाल्यांनी तिथे ऑईल मोजून द्यावे, नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्याने महिन्याला ते उचलावे. आणि सिंथेटिक ऑईलच्या डब्याला काही हजार रुपये मोजणाऱ्या गाडीमालकाने बिलात एक हातमोज्यांची जोडी लावायला स्वतःहून सांगावे. त्या तरुणाच्या मालकाला मी चिठ्ठीवर औषधाखाली तेवढेच लिहून पाठवले आहे.